‘आय लव्ह लूसी’ : सगळ्या घराने एकत्र पाहिलेली मालिका

दूरचित्रवाणीवरील ‘सिटकॉम’ हा प्रकार म्हणजे ठरलेली पात्रे, ठरलेले घर आणि दर आठवड्याला उद्भवणारा नवा पेच यांवर उभी असलेली, साधारण अर्ध्या तासात संपणारी विनोदी मालिका. पेच कितीही चिघळला तरी भागाच्या अखेरीस घर पूर्वपदावर येते, झाल्या प्रकारातून पात्रे फारसे काही शिकत नाहीत आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे त्याच खोलीत नव्या कारणाने गोंधळ घालायला मोकळी असतात. या प्रकाराचा आराखडा अमेरिकेत रेडिओवर तयार झाला आणि दूरचित्रवाणीवरही त्याचे काही प्रयोग 1940 च्या दशकात होऊन गेले होते. परंतु आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकाच संचासमोर बसवून एकाच वेळी हसवण्याची त्याची ताकद ज्या मालिकेने निर्विवादपणे सिद्ध केली, ती म्हणजे ‘सीबीएस’ वाहिनीवर 15 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झालेली आणि 6 मे 1957 पर्यंत सहा हंगामांत 180 भाग चाललेली ‘आय लव्ह लूसी’.

या मालिकेच्या कौटुंबिक लोकप्रियतेचे कारण सांगताना ती सोज्वळ होती, कोणासमोर बसून पाहायला संकोच वाटावा असे तिच्यात काही नव्हते, एवढ्यावर बहुतेकदा थांबले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्या काळातील अमेरिकन दूरचित्रवाणीवर संकोच वाटावा असे मुळात फारसे काही दाखवलेच जात नसे, आणि तरीही तितकेच सोज्वळ असलेले अनेक कार्यक्रम लोकांच्या स्मरणातून केव्हाच पुसले गेले. ‘लूसी’चे खरे सामर्थ्य असे होते की तिच्या एकाच दृश्यात घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला आपापल्या वाट्याचे काही सापडत असे, आणि हे लेखन, अभिनय आणि चित्रीकरणाची पद्धत या तिन्हींच्या मेळातून घडत होते.

मालिकेची मांडणी वरवर पाहता अगदी साधी आहे. न्यूयॉर्क शहरातील एका इमारतीत रिकी रिकार्डो हा मूळचा क्यूबाचा वाद्यवृंदप्रमुख आणि त्याची पत्नी लूसी भाड्याने राहतात. इमारतीचे मालक फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे वयाने मोठे दांपत्य त्याच इमारतीत राहते आणि दिवसातून कितीही वेळा यांच्या घरात डोकावते. रिकी रात्री एका क्लबमध्ये गातो, आणि लूसीची मनापासूनची इच्छा अशी की आपणही त्याच्याबरोबर रंगमंचावर उभे राहावे. तिच्या अंगी गाण्याचा गुण नाही, नवऱ्याचा तिच्या रंगमंचावर येण्याला ठाम विरोध आहे, आणि ही इच्छा सोडून देण्याची तिची मुळीच तयारी नाही. या तीन गोष्टींच्या घर्षणातून, आणि त्यांच्या जोडीला घरखर्च, पाहुणे, शेजाऱ्यांचे रुसवे, वाढदिवस, नव्या टोपीचा मोह अशा रोजच्या विषयांतून, सहा वर्षे पुरेल इतके कथानक निघाले.

ती पाहिली जात होती ते वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. 1950 साली अमेरिकेतील सुमारे 9 टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता आणि दहा वर्षांनी हे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास पोहोचले, म्हणजे ‘लूसी’ची वर्षे ही अमेरिकन कुटुंबाने संच विकत घेण्याची वर्षे होती. बहुतेक घरांत संच एकच असे आणि तो दिवाणखान्यात असे, त्यामुळे काय पाहायचे हा निर्णय सगळ्यांचा मिळून होई आणि जो कार्यक्रम घरातल्या एकालाही नकोसा वाटेल तो टिकणे कठीण असे. मराठी वाचकांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चाळीतल्या एका संचासमोर शेजारपाजारही गोळा होत असे, आणि चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या, दिलीप प्रभावळकर यांना चिमणराव आणि बाळ कर्वे यांना गुंड्याभाऊ म्हणून घराघरांत पोहोचवणाऱ्या मालिकेलाही असाच सर्व वयांचा प्रेक्षक एकगठ्ठा लाभला होता.

लूसीची भूमिका करणाऱ्या लुसील बॉल यांचा जन्म 1911 चा. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, चित्रपटांत बरीच वर्षे कामे करूनही पहिल्या फळीतील तारका होण्याचा योग आला नव्हता, आणि 1948 पासून ‘माय फेव्हरिट हजबंड’ या रेडिओ मालिकेत एका बँक अधिकाऱ्याच्या खटपट्या बायकोची भूमिका मात्र त्या गाजवत होत्या. सीबीएसला हीच मालिका दूरचित्रवाणीवर हवी होती. बॉल यांनी अट घातली की पडद्यावरचा नवरा आपला खरा नवराच असावा. डेझी अर्नाझ हे क्यूबातील सांतियागो येथे जन्मलेले, 1933 च्या राजकीय उठावानंतर कुटुंबाची वाताहत होऊन अमेरिकेत आलेले गायक व वाद्यवृंदप्रमुख होते, आणि परदेशी उच्चारांचा हा माणूस एका अमेरिकन स्त्रीचा नवरा म्हणून प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, अशी वाहिनीला धास्ती होती. तेव्हा पतिपत्नींनी 1950 मध्ये एक विनोदी कार्यक्रम बसवून गावोगावच्या नाट्यगृहांत त्याचे प्रयोग केले आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादानेच ही शंका दूर केली.

या आग्रहाचा मालिकेला झालेला फायदा मोठा आहे. रेडिओवरील बँक अधिकारी नवरा हा कोणत्याही मालिकेत खपला असता. रिकी रिकार्डो मात्र मेहनती, अभिमानी, तापट आणि लगेच विरघळणारा असा हाडामांसाचा माणूस झाला. रागाच्या भरात तो भराभर स्पॅनिश बोलू लागे आणि त्या बोलण्याचे भाषांतर कधी दिले जात नसे, कारण नवरा चिडला आहे हे कळायला चार वर्षांच्या मुलालाही भाषेची गरज नव्हती. त्याच्या इंग्रजी उच्चारांची थट्टा करण्याचा अधिकार फक्त लूसीला, इतर कोणत्याही पात्राला नाही, असा नियम लेखकांनी पाळला. घरातल्या माणसाची चेष्टा घरातल्याच माणसाने करावी, ही मर्यादा राखल्यामुळे परक्या देशातून आलेला हा नवरा प्रेक्षकांना परका वाटला नाही.

मालिकेच्या चित्रीकरणाच्या पद्धतीकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष जात नाही, पण तिच्या कौटुंबिक आकर्षणाचा अर्धा उलगडा तिथेच होतो. त्या काळी बहुतेक महत्त्वाचे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि देशाच्या ज्या भागांत थेट प्रक्षेपण पोहोचत नसे तिथे ‘किनेस्कोप’ पाठवले जात. किनेस्कोप म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून केलेली नक्कल, जी धूसर आणि निस्तेज दिसे. प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीचा आग्रह होता की मालिका न्यूयॉर्कहून व्हावी. बॉल आणि अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचे नव्हते. त्यांनी सुचवलेला मार्ग असा की मालिका हॉलिवूडमध्येच, चित्रपटाच्या 35 मिलिमीटर फितीवर चित्रित करावी म्हणजे सगळ्या देशाला सारखेच स्वच्छ चित्र दिसेल. यात खर्च वाढत होता, म्हणून दोघांनी आपल्या मानधनात कपात मान्य केली आणि त्या बदल्यात चित्रित भागांची मालकी स्वतःच्या ‘डेझिलू’ या कंपनीकडे ठेवली. भाग एकदा दाखवून झाल्यावर त्याला काही किंमत उरते, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते.

दुसरा प्रश्न प्रेक्षकांचा होता. समोर हसणारी माणसे असली की बॉल यांचा अभिनय खुलतो हे रेडिओच्या काळातच ध्यानात आले होते, तर चित्रपटाच्या रूढ पद्धतीत एकाच कॅमेऱ्याने तुकड्या-तुकड्यांत चित्रीकरण होत असल्यामुळे प्रेक्षकांना बसवून काही उपयोग नसतो. म्हणून तीन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे, नाटकाप्रमाणे प्रवेश सलग करायचा आणि समोर सुमारे तीनशे प्रेक्षक बसवायचे, अशी योजना झाली. अनेक कॅमेऱ्यांनी फितीवर चित्रीकरण करण्याची कल्पना अगदी नवी नव्हती, पण सलग कथानक असलेल्या विनोदी मालिकेसाठी ती प्रेक्षकांसमोर अशी बसवून दाखवण्याचे श्रेय या मंडळींचे. दूरचे, मध्यम आणि जवळचे चित्र एकाच वेळी टिपायचे तर प्रकाशयोजना तिन्हींना चालली पाहिजे. हा तिढा ‘मेट्रोपोलिस’सारख्या जर्मन मूकपटाचे छायालेखन केलेल्या आणि पुढे हॉलिवूडमध्ये ऑस्कर मिळवलेल्या कार्ल फ्रॉइंड यांनी बराचसा प्रकाश वरून, सर्वत्र सारखा पसरवून सोडवला. आठवडाभर तालमी होत आणि अखेरच्या संध्याकाळी तो भाग जवळजवळ नाटकाच्या प्रयोगासारखा सादर होई.

याचा परिणाम असा झाला की घरी बसलेल्या प्रेक्षकाला ऐकू येणारा हशा खऱ्या माणसांचा होता. यंत्रातून नंतर मिसळलेला, म्हणजे ‘ध्वनिमुद्रित हशा’ म्हणतात तसा, नव्हता. तो कुठे फुटेल, किती टिकेल, केव्हा ओसरेल हे कलाकारांना ऐकू येत होते आणि ते त्यासाठी थांबत होते. त्या प्रेक्षकांत लुसील बॉल यांच्या आई नेमाने बसत, आणि मुलगी पडद्यावर संकटाच्या तोंडाशी आली की त्यांचा काळजीचा उद्गार काही भागांत ओळखता येतो. शिवाय सलग प्रवेश आणि पूर्ण शरीर दाखवणारा दूरचा कॅमेरा यांमुळे विनोद शब्दांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हालचालींतून पोहोचू लागला, आणि लहान मुलांसाठी मालिकेचे दार उघडले ते इथून.

15 सप्टेंबर 1952 रोजी दाखवलेला, दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. घरखर्चावरून वाद होतो, पैसे कमावणे कठीण की घर चालवणे यावर नवरे आणि बायका हट्टाला पेटतात आणि कामांची अदलाबदल ठरते. लूसी आणि एथेल एका चॉकलेट कारखान्यात नोकरीला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या चॉकलेटांना कागद गुंडाळायचा, एकही चॉकलेट तसेच पुढे गेले तर नोकरी गेली, असा दम देऊन मुकादमीण निघून जाते. सुरुवातीला पट्टा संथ असतो आणि दोघींना काम सोपे वाटते. मग वेग वाढतो. हातांना जमेनासे होते तेव्हा काही चॉकलेटे तोंडात जातात, काही टोपीत, काही कपड्यांत. मुकादमीण परत येऊन पाहते तो पट्टा रिकामा, म्हणजे काम उत्तम चालले आहे असे समजून ती वेग आणखी वाढवण्याचा हुकूम देते.

या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत आणि ते समजायला कोणत्याही पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही. मुलाला त्यात गाल फुगवून बसलेली, पकडली जाण्याच्या बेतात असलेली मोठी बाई दिसते, आणि लपवाछपवीचा हा प्रसंग त्याच्या स्वतःच्या आयुष्यात रोजचा असल्यामुळे त्याचे सगळे इमान लूसीच्या बाजूने असते. नोकरी करणाऱ्या माणसाला त्यात वरिष्ठांच्या नजरेसमोर झेपत नसलेले काम झेपते आहे असे दाखवण्याची धडपड दिसते. गृहिणीला त्याच भागात घरी चाललेला दुसरा प्रकार अधिक रुचत असावा, कारण तिकडे रिकी आणि फ्रेड यांनी अंदाज न घेता शिजायला टाकलेला तांदूळ फुगून भांड्याबाहेर उतू जात असतो. भाग संपतो तो दोन्ही पक्षांनी पराभव मान्य करून, आणि त्यामुळे घरात बसलेल्या नवरा-बायकोंपैकी कोणालाच खाली पाहावे लागत नाही.

असे प्रसंग कलाकारांना आयत्या वेळी सुचत नसत. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल धाकटे हे रेडिओपासून बरोबर असलेले लेखक प्रत्येक हालचाल संहितेत तपशीलवार लिहीत, आणि अवघड करामत स्त्रीला करता येईल का हे प्यू अनेकदा स्वतः करून पाहत. त्यांचा कटाक्ष असा होता की शेवट कितीही वेडगळ असला तरी तिथपर्यंतची प्रत्येक पायरी पटली पाहिजे. मे 1952 मधल्या गाजलेल्या भागात लूसी एका शक्तिवर्धक औषधाच्या जाहिरातीची तालीम करते. घोट घेऊन दाखवणे हा जाहिरातीचाच भाग असतो, तालीम पुन्हापुन्हा होते, औषधात 23 टक्के मद्यार्क असतो, आणि तिची जीभ हळूहळू अडखळू लागते. इथे लूसीचा काही दोष नाही, ती तर सांगितलेले काम निष्ठेने करते आहे, आणि म्हणूनच मद्याच्या अंमलावरचा हा विनोद सगळ्या घराला एकत्र पाहता आला.

प्रेक्षकाला आधी कळलेले असते आणि रिकीला मात्र काही ठाऊक नसते, ही या लेखकांची आवडती रचना होती. घरातले धाकटे मूल एरवी सगळ्यांत कमी जाणणारे असते. इथे ते पडद्यावरच्या कर्त्या पुरुषाहून अधिक जाणणारे होते, आणि हा मान त्याला दुसरीकडे सहसा मिळत नाही. मुले ही मालिका पुन्हापुन्हा पाहत त्यामागे हे कारण पडझड आणि धांदलीच्या विनोदाइतकेच महत्त्वाचे मानायला हवे.

वडीलधाऱ्या प्रेक्षकांसाठी मर्ट्झ दांपत्य होते. फ्रेड झालेले विल्यम फ्रॉली 1887 साली जन्मलेले, एथेल झालेल्या व्हिव्हियन व्हान्स त्यांच्याहून 22 वर्षांनी लहान, आणि पडद्याबाहेर या दोघांचे अजिबात पटत नसे. परंतु लग्नाला बरीच वर्षे झालेल्या जोडप्यातला कंटाळा, टोमणे आणि न बोलता चालणारी सोबत त्यांनी इतकी अस्सल उभी केली की तरुण रिकार्डो दांपत्याची ओढाताण तिच्याशेजारी आणखी उठून दिसे. व्हान्स यांना या कामासाठी 1954 साली एमी पुरस्कार मिळाला. लूसीच्या प्रत्येक बेतात कुरकुरत सामील होणारी ही मैत्रीण नसती तर लूसी एकाकी आणि काहीशी विचित्र वाटली असती. एथेलमुळे तिचे वेड दोघींचे होते, आणि बायकांच्या मैत्रीचे इतके मोकळे, मत्सरविरहित चित्र त्या काळच्या पडद्यावर दुर्मीळ होते.

1952 मध्ये लुसील बॉल यांना पुन्हा दिवस गेले तेव्हा मालिका बंद ठेवण्याऐवजी लूसीलाही आई होऊ द्यावे असे ठरले. मालिकेत नायिकेच्या बाळंतपणाचा समावेश करणारी ही पहिलीच मालिका असे सांगितले जाते, ते बरोबर नाही, कारण 1947 मध्ये सुरू झालेल्या ‘मेरी के अँड जॉनी’ या सिटकॉममध्ये ते आधीच घडले होते; पण एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर, महिन्यामागून महिना दिसत जाणारी गरोदर नायिका ही गोष्ट नवीन होती. प्रायोजक आणि वाहिनी धास्तावले, ‘गर्भवती’ या अर्थाचा रूढ इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही असे बंधन आले, आणि कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून एका कॅथलिक धर्मगुरूला, एका प्रॉटेस्टंट पाद्र्याला आणि एका ज्यू राब्बींना संहिता दाखवल्या गेल्या. 8 डिसेंबर 1952 च्या भागात लूसी ही बातमी नवऱ्याला एकांतात सांगू पाहते, ते काही केल्या साधत नाही, आणि अखेर क्लबमध्ये एका निनावी चिठ्ठीवरून रिकी बाप होणाऱ्या माणसासाठी गाणे म्हणत टेबलांमधून फिरू लागतो. लूसीच्या टेबलाशी आल्यावर त्याला उलगडा होतो. त्या क्षणी दोघांच्या डोळ्यांत आलेले पाणी अभिनयाचे नव्हते, आणि ते ठेवून दिल्यामुळे विनोदी मालिकेतले हे सर्वांत हळवे दृश्य निर्माण झाले.

बाळाच्या जन्माचा भाग 19 जानेवारी 1953 रोजी दाखवला गेला आणि बॉल यांची शस्त्रक्रियेने होणारी प्रसूतीही आधी ठरवून त्याच दिवशी झाली. दूरचित्रवाणी असलेल्या घरांपैकी 71.7 टक्के घरांत तो भाग पाहिला गेला. प्रेक्षकांची संख्या सुमारे 4 कोटी 40 लाख होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी झालेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या प्रेक्षकांपेक्षाही अधिक. रुग्णालयात निघण्याची तालीम करून ठेवलेले रिकी, फ्रेड आणि एथेल प्रत्यक्ष वेळ येताच एकमेकांवर आदळतात आणि लूसीलाच मागे विसरतात, हा त्या भागातला प्रसंग ज्या घराने कधी बाळाची वाट पाहिली आहे त्या प्रत्येक घराचा होता.

आजच्या वाचकाला या मालिकेत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. लूसी खर्चाचे पैसे नवऱ्याकडे मागते, तो तिला परवानगी देतो किंवा नाकारतो, आणि काही भागांत तर लहान मुलाला द्यावी तशी शिक्षा तिला मारून देतो. यावर प्रेक्षक तेव्हा हसले, आज हसवत नाही. भागाच्या शेवटी तिची महत्त्वाकांक्षा मोडते आणि ती घरी परतते, यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी केलेली टीका योग्यच आहे. परंतु पुढच्या सोमवारच्या भागात ती पुन्हा बाहेर पडण्याचा बेत आखते, हेही तितकेच खरे, आणि गृहिणीपणात समाधान मानावे असा त्या दशकाचा उपदेश चालू असताना सर्वांत लोकप्रिय गृहिणी मात्र आठवड्यामागून आठवडा तो नाकारत होती. पडद्यामागे तर चित्र उलटेच होते: ते सारे घर, त्यातील फर्निचर आणि तिथे घडणारा विनोद यांच्या मालकीत बॉल यांचा अर्धा वाटा होता. 1960 मध्ये घटस्फोट झाला, 1962 मध्ये त्यांनी अर्नाझ यांचा हिस्सा विकत घेतला आणि त्या एका मोठ्या स्टुडिओच्या प्रमुख झाल्या. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका त्याच डेझिलूने निर्माण केली.

बाळंतपणाच्या सुट्टीत नवे भाग कमी पडू लागले तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते तितक्याच आवडीने पाहिले. एकदा दाखवलेल्या भागालाही किंमत असते हे त्यातून कळले. पुढे या भागांचे हक्क डेझिलूने सीबीएसला विकले, आणि 1957 मध्ये याच कंपनीने, ज्या आरकेओ स्टुडिओत बॉल आणि अर्नाझ यांची 1940 मध्ये पहिली भेट झाली होती, तो स्टुडिओच विकत घेतला. पुनःप्रक्षेपणाची वेळ सकाळची होती, त्यामुळे शाळेत न गेलेली मुले, घरी असलेल्या आया आणि आज्या हा तिचा नवा प्रेक्षक झाला, आणि 1951 साली सोमवारी रात्री जागायची परवानगी मागणारी मुले काही वर्षांनी स्वतःच्या मुलांना शेजारी बसवून तेच भाग पाहू लागली. त्यांना द्राक्षे तुडवणारी लूसी, आरशाच्या नकलेत विनोदी नट हार्पो मार्क्सशी जुळवून घेणारी लूसी, चॉकलेटांनी गाल फुगलेली लूसी पुन्हा तितक्याच स्पष्टपणे दिसली, कारण चित्र धूसर किनेस्कोपवर नसून फितीवर होते. आणि कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा हे ठाऊक नसतानाही कोणाचे काही अडले नाही.